चावी कुठे गेली? घरच्या सर्व्हरमधल्या छोट्या संगणकाचा इतिहास

१९७७च्या ऑक्टोबरमध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे सगळे जिला ‘डेक’ म्हणत त्या अमेरिकन कंपनीने व्हॅक्स-११/७८० हा संगणक जाहीर केला. कपाटांच्या रांगेएवढं धूड. संगणकाच्या इतिहासात त्याचं नाव येतं ते ३२ बिटांमुळे, आभासी स्मृतीमुळे. मला मात्र त्याच्या दर्शनी भागावरच्या एका साध्या वस्तूत जास्त रस आहे. तिथे एक चावी होती. खरीखुरी, धातूची, खिशात ठेवायची. ती फिरवायच्या जागांवर ‘लोकल’, ‘रिमोट’ अशी अक्षरं होती. डेकचा दुरुस्ती अभियंता टेलिफोनच्या तारेवरून तुमचं मशीन तपासू शकत असे, पण त्यासाठी आधी तुमच्या खोलीतल्या कुणीतरी उठून ती चावी ‘रिमोट’वर फिरवावी लागे. काम झालं की परत ‘लोकल’वर.

आज एखादा विद्यार्थी घरी सर्व्हर ठेवतो, वसतिगृहातून तो चालू-बंद करतो, त्याचा पडदा आपल्या लॅपटॉपवर बघतो. त्याच्या मशीनवर अशी चावी नाही. मग ती गेली कुठे? कधी गेली, कुणी काढली, आणि काढताना कुणाला काही वाटलं की नाही? आजचा लेख एवढ्याच प्रश्नावर आहे.

पेट झाली, आता विषय काय घ्यायचा, असं विचारणारे बरेच वाचक इथे येतात. त्यांना मी नेहमी सांगतो की मोठ्या शब्दाच्या मागे लागू नका, एक वस्तू धरा. ‘भारतातील डिजिटल क्रांती’ हा विषय नाही, ते भाषणाचं शीर्षक आहे. वस्तू धरली की ती कुणी बनवली, कुणासाठी, ती बिघडली की कोण धावत यायचं, असे प्रश्न आपोआप सुचतात. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध लावणाऱ्यांवर ढिगाने लिहिलं गेलंय, देखभाल करणाऱ्यांवर फार थोडं. डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ वाचलं नसेल तर जरूर वाचा. नवं काय आलं यापेक्षा वापरात काय राहिलं, इथून इतिहास कसा लिहिता येतो ते त्यात कळतं.

तर आपली वस्तू. सर्व्हर म्हणून बनवलेल्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा संगणक असतो. त्याला बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर म्हणतात, लघुरूप बीएमसी. (मुंबईकरांनो, ही ती बीएमसी नव्हे. पण अंधारात बसून सगळ्या इमारतीचं पाणी-वीज बघणं हे काम मात्र तसंच.) त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःचं फर्मवेअर आणि बऱ्याचदा स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं. मुख्य मशीन बंद असलं तरी पॉवर केबल लावलेली आहे तोवर तो जागा असतो. तो पंख्यांचा वेग मोजतो, तापमान बघतो, घडामोडींची नोंदवही ठेवतो. दुरून आज्ञा मिळाली की पॉवर बटण दाबल्यासारखं करतो, पडद्यावरचं चित्र पकडून पाठवतो, खोटा कीबोर्ड आणि खोटी सीडी बनून मुख्य मशीनला जोडला जातो. म्हणजे तुमच्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम उडाली, तरी दुसऱ्या गावातून तुम्ही ती नव्याने घालू शकता.

या वर्णनातलं महत्त्वाचं वाक्य परत वाचा: मुख्य मशीनला हा कीबोर्डच वाटतो. लिनक्सवर तुम्ही कितीही कडेकोट बंदोबस्त करा, जो माणूस बीएमसीत शिरला तो मशीनच्या समोरच्या खुर्चीत बसला. बंदोबस्ताचा प्रश्नच त्याच्या खालच्या मजल्यावर सुटलेला असतो, किंवा सुटलेला नसतो.

मोठ्या संगणकाच्या पोटात त्याच्यावर देखरेख करणारा छोटा संगणक, ही कल्पना जुनीच. व्हॅक्स-११/७८०च्या कपाटातही एक होता. एलएसआय-११ नावाचा, डेकच्याच आधीच्या पीडीपी-११ घराण्यातला. त्याला फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला असे. व्हॅक्स सुरू करायचा तर आधी हा धाकटा जागा व्हायचा, फ्लॉपीवरून लागेल ते वाचायचा, मग थोरल्याला उठवायचा. दूरनिदानाची तार याच धाकट्याला येऊन मिळे आणि पलीकडे कोलोरॅडो स्प्रिंग्सला डेकचं निदान केंद्र असे. यामागे हिशेब होता पैशाचा. देखभालीच्या करारात बांधलेला अभियंता गाडी घेऊन ग्राहकाकडे जाणार, तिथे गेल्यावर कळणार की लागणारा सुटा भाग आणलेलाच नाही, मग परत फेरी. आधी फोनवरून बिघाड कळला तर एक फेरी वाचते. दूरव्यवस्थापनाचा सगळा इतिहास हा वाचलेल्या फेऱ्यांचा इतिहास आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

आता चावीच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवतो. त्याच डेकची व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम काही तयार खाती घेऊन यायची. त्यातलं एक ‘फील्ड’ नावाचं, पासवर्ड ‘सर्व्हिस’. फिरतीवरच्या अभियंत्याला प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड मागत बसायला नको, म्हणून. १९८६मध्ये बर्कलेच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत क्लिफ स्टॉल नावाच्या खगोलशास्त्रज्ञाला हिशेबात ७५ सेंटची तफावत सापडली. तिचा माग काढत तो पार जर्मनीतल्या घुसखोरापर्यंत पोचला. ती हकीकत त्याने ‘द ककूज एग’ या पुस्तकात सांगितलीय. तो घुसखोर दुसऱ्यांच्या मशीनवर काय करून बघत असे? कारखान्यातून आलेली खाती, कारखान्यातले पासवर्ड. ‘फील्ड’ त्यातलंच एक.

बघा, एकाच कंपनीच्या एकाच काळातल्या यंत्रात दोन वेगळे विचार नांदतायत. चावीचा विचार म्हणतो, मालकाने उठून परवानगी द्यावी. ‘फील्ड’ खात्याचा विचार म्हणतो, दुरुस्तीवाला आपलाच माणूस, दार ओढून घेतलेलं असलं की पुरे. पुढच्या चाळीस वर्षांत यातला दुसरा विचार जिंकत गेला.

नव्वदच्या दशकात सर्व्हर म्हणजे कपाट हे समीकरण मोडलं. पीसीच्याच भागांपासून बनलेली स्वस्त मशीनं सर्व्हर म्हणून चालू लागली. पण पीसी हा टेबलावरचा प्राणी. त्याच्यासमोर माणूस बसलेला आहे, अडला तर तो रीसेटचं बटण दाबेल, हे गृहीत. शंभर पीसी एका बंद खोलीत नेऊन ठेवले की हे गृहीतक कोसळतं. त्यात इंटरनेट कंपन्यांनी आपली मशीनं दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या जागेत ठेवायला सुरुवात केली. रात्री दोनला मशीन अडकलं तर तिथल्या माणसाला फोन करून ‘अमुक रांगेतलं, तमुक खणातलं, हो तेच, बटण दाबा’ असं सांगायचं, आणि त्याचे पैसे मोजायचे.

एक बदल इथे हमखास नजरेतून सुटतो, कारण तो फार कंटाळवाणा दिसतो. १९९५ साली इंटेलने पीसीच्या पेटीसाठी आणि पॉवर सप्लायसाठी एटीएक्स हा आराखडा आणला. त्याआधीच्या पीसीचं बटण खटकन वीजच तोडायचं. एटीएक्समध्ये बटण फक्त विनंती करतं, वीज तोडत नाही. पाच व्होल्टची एक बारीक धार बोर्डावर कायम वाहत राहते. ‘बंद’ या शब्दाचा अर्थच त्या वर्षी बदलला. या धारेवर नेटवर्क कार्ड जागं राहू शकतं, आणि म्हणून वेक-ऑन-लॅन शक्य झालं. एएमडीने त्याच वर्षी मांडलेलं ‘मॅजिक पॅकेट’ म्हणजे सगळे बिट एक असलेले सहा बाइट आणि मग त्या कार्डाचा सहा बाइटचा पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाइट. कार्डाने आपलं नाव सोळा वेळा ऐकलं की मशीन उठतं. हाक मारायची सोय झाली, पण ‘ओ’ मिळायची नाही. मशीन उठलं की नाही, उठून कुठे अडखळलं, काही कळत नाही.

उत्तर देणारी यंत्रणा मोठ्या कंपन्या आपापल्या परीने बनवत होत्या. कॉम्पॅकची ‘रिमोट इनसाइट’ कार्डं होती, जी पुढे आयलो झाली. डेलचं रिमोट ॲक्सेस कार्ड पुढे आयड्रॅक झालं. प्रत्येकाची बोली निराळी. सप्टेंबर १९९८मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या चौघांनी मिळून एक समाईक बोली जाहीर केली: इंटेलिजंट प्लॅटफॉर्म मॅनेजमेंट इंटरफेस, आयपीएमआय. पहिली आवृत्ती वाचली तर नवल वाटेल, कारण तिचा सगळा जीव पेटीच्या आत आहे. सेन्सर, पंखे, घटनांची नोंदवही, सुट्या भागांची यादी. मशीन स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलायला शिकतंय, एवढंच. नेटवर्कवरून आज्ञा घेण्याची तरतूद आली २००१च्या दीड क्रमांकाच्या आवृत्तीत. संदेशांचं गुप्तीकरण आलं २००४च्या २.० मध्ये.

हा क्रम वहीत लिहून ठेवा. आधी काळजी, मग दार, शेवटी कुलूप. दार आणि कुलूप यांच्यात तीन वर्षं.

पण माझ्या मते खरी गोम त्या तीन वर्षांत नाहीच, ती कुलपाच्या घडणीत आहे. इथे थोडं सावकाश वाचा. आयपीएमआय २.० मध्ये ओळख पटवण्याची जी देवाणघेवाण आहे तिला रॅक्प म्हणतात. समजा वाड्याच्या दारात पहारेकरी आहे. तुम्ही येऊन म्हणता, मी दिवाणजी. शहाणा पहारेकरी म्हणेल, मग परवलीचा शब्द सांगा. रॅक्पमधला पहारेकरी अधिक सभ्य आहे. तो विचार करतो की या बिचाऱ्या दिवाणजींना तरी कसं कळावं की मी खरा पहारेकरी आहे? म्हणून तो आधी स्वतःची खातरी पटवतो. परवलीचा शब्द वापरूनच एक मोहोर उठवतो आणि ती तुमच्या हातात देतो. खऱ्या दिवाणजीला शब्द माहीत असल्याने तो मोहोर ताडून बघू शकतो. आणि खोटा दिवाणजी? तो मोहोर घेऊन घरी जातो. निवांत बसून एकेक शब्द घालून स्वतःच मोहोरा उठवत राहतो, जुळेपर्यंत. वाड्याकडे परत फिरकायची गरज नाही, पहारेकऱ्याला संशय यायचा प्रश्न नाही.

तांत्रिक भाषेत, बीएमसी समोरच्याची ओळख पटण्याआधीच पासवर्डची किल्ली लावून काढलेला हॅश पाठवून देतो. पासवर्ड जास्तीत जास्त २० बाइटचा. आणि अशी मोहोर उठवायची तर बीएमसीला पासवर्ड मूळ रूपात, किंवा मूळ रूपात आणता येईल असा, स्वतःजवळ ठेवावाच लागतो. आपण संगणकसुरक्षेच्या पहिल्या तासाला शिकतो की पासवर्ड कधी साठवू नये, त्याचा परत न फिरवता येणारा ठसा साठवावा. इथे प्रमाणकच उलट करायला लावतं.

हा कुणा एका कंपनीचा गलथानपणा नव्हता. ज्याने तपशील बरहुकूम पाळला त्याच्या मशीनमध्ये हा दोष येणारच. म्हणून पॅच काढून तो जात नाही. आणि तो कुणाच्या दुष्टपणामुळेही आला नाही, दोन्ही बाजूंनी ओळख पटवावी या सद्हेतूतून आला. मग इतक्या जाणत्या लोकांनी लिहिलेल्या दस्तऐवजात हे सुटलं कसं? माझं उत्तर असं की, लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाडा होता, रस्ता नव्हता. व्यवस्थापनाची तार वेगळ्या नेटवर्कवर असेल, त्या नेटवर्कवर आपलीच माणसं असतील, खोलीला कुलूप असेल. ‘फील्ड’ खात्यामागे जे गृहीतक होतं तेच. हे कुठे ठळक अक्षरांत लिहिलेलं सापडत नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याचं काम नेमकं इथे सुरू होतं. कागदात जे लिहायची गरज कुणाला वाटली नाही, ते वाचायचं.

२०१३ साली हे सगळं एकदम चव्हाट्यावर आलं. डॅन फार्मर या जुन्या सुरक्षातज्ज्ञाने रॅक्पचा दोष मांडला. त्याच्याच जोडीला आणखी एक प्रकार: काही बीएमसींवर ‘सायफर शून्य’ ही पद्धत चालू ठेवलेली होती, जिच्यात नाव बरोबर असलं की कुठलाही पासवर्ड चालतो. जुलैमध्ये एच. डी. मूरने याची चाचणी कशी घ्यायची त्याचं मार्गदर्शक प्रसिद्ध केलं आणि महिनाअखेरीस अमेरिकेच्या सरकारी संगणक-आपत्कालीन पथकाने इशारा काढला. त्याच वर्षी युझनिक्सच्या एका कार्यशाळेत मिशिगन विद्यापीठाच्या बोन्कोस्की, बिएलॉस्की आणि हाल्डरमन यांनी निबंध वाचला. एका मोठ्या उत्पादकाचं बीएमसी फर्मवेअर उघडून बघितल्यावर त्यांना त्यात पाठ्यपुस्तकातले दोष जसेच्या तसे सापडले. उघड्या इंटरनेटवर, कुणालाही दार ठोठावता येईल असे किमान एक लाख आयपीएमआय सर्व्हर त्यांनी मोजले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा निबंध मिळवून वाचावाच. छोटा प्रश्न, मोजता येईल असा पुरावा, आणि दाव्याला लावलेली मर्यादा, तिन्ही शिकण्यासारखी.

पुढच्या वर्षी आणखी वाईट निघालं. सुपरमायक्रोच्या काही बोर्डांवर ४९१५२ क्रमांकाच्या पोर्टवर नुसती एक फाइल मागितली की बीएमसी आपले पासवर्ड उघड्या अक्षरांत देऊन टाकायचा. जून २०१४मध्ये हे जाहीर झालं तेव्हा अशी जवळपास ३२ हजार मशीनं इंटरनेटवर होती. पासवर्ड मूळ रूपात का होते, हे तुम्हाला आता सांगायला नको.

आणि कारखान्यातले पासवर्ड? कित्येक वर्षं सुपरमायक्रोवर नाव ‘ॲडमिन’, पासवर्डही ‘ॲडमिन’. डेलवर ‘रूट’ आणि ‘कॅल्विन’. एचपीने मात्र सुरुवातीपासून प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊन तो कागदी पट्टीवर छापला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. सुपरमायक्रो तिथे आली ती १ जानेवारी २०२० पासून. त्या दिवशी कॅलिफोर्नियात जोडलेल्या उपकरणांना समाईक पासवर्ड द्यायला मनाई करणारा कायदा लागू झाला. ‘फील्ड–सर्व्हिस’पासून इथवर यायला चार दशकं आणि एक कायदा लागला.

वेगळा पासवर्ड दिला म्हणजे झालं असंही नाही. २०१७मध्ये एचपीच्या आयलो ४ मध्ये दोष सापडला. वेबविनंतीच्या एका मथळ्यात ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं की पासवर्ड विचारलाच जात नसे. त्याच वर्षी इंटेलच्या एएमटीमध्ये, म्हणजे कार्यालयीन पीसींमधल्या अशाच यंत्रणेत, पासवर्डच्या जागी रिकामं उत्तर पाठवलं तरी आत घेत, असं निघालं. २०२१च्या अखेरीस एका इराणी सुरक्षा कंपनीने आयलोच्या फर्मवेअरमध्येच दडून बसलेला घुसखोर प्रोग्रॅम दाखवला. फर्मवेअर अद्ययावत करायला गेलं की तो ‘झालं’ असा निरोप द्यायचा आणि प्रत्यक्षात काहीच होऊ द्यायचा नाही. रोग्यानेच वैद्याचा अहवाल लिहावा, तसं. हार्ड डिस्क पुसा, ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घाला, तो तिथेच. आणि जून २०२५मध्ये अमेरिकेच्या सिसा या संस्थेने, प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या दोषांच्या आपल्या यादीत, एका बीएमसी फर्मवेअरमधला दोष पहिल्यांदाच घातला.

आता घराकडे येऊ. डेटा सेंटरं काही वर्षांनी सर्व्हर बदलतात आणि जुना माल बाजारात येतो. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात तो हिंडून मिळतो, ऑनलाइनही मिळतो. त्यावर बीएमसी असतोच, आधीच्या मालकाची खाती आणि मांडणी पोटात घेऊन. दुसरा मार्ग कार्यालयांतून निघालेल्या छोट्या डेस्कटॉपचा. त्यातल्या व्हीप्रो लिहिलेल्या मशीनवर एएमटी असतो. तिसरा, घरगुती आकाराच्या सर्व्हरचा. एचपीच्या मायक्रोसर्व्हरची आठवी पिढी २०१३मध्ये आयलो ४ घेऊन आली आणि घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांची लाडकी झाली. पण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यानंतरही पडदा दुरून बघायचा असेल तर वेगळा परवाना विकत घ्यायचा. म्हणजे तार तुमची, पडदा तुमचा, चित्र दाखवायचे पैसे वेगळे. २०१७च्या दहाव्या पिढीत आयलो काढूनच टाकला.

माझा स्वतःचा छोटा सर्व्हर गावी आहे, मी पुण्यात. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं, स्कॅन केलेले कागद, सगळं त्यावर. पावसाळ्यात दोन-दोन तास वीज जाते, यूपीएस दम सोडतो. बीएमसी नव्हता तोवर दूरव्यवस्थापन म्हणजे आई. “आई, पुढचं बटण दाब. निळा दिवा लागला का? लुकलुकतोय की स्थिर आहे?” ती मला विचारायची, “स्थिर म्हणजे किती वेळ स्थिर?” प्रश्न रास्त होता. डेकचा अभियंता ग्राहकाला फोनवर हेच विचारत असणार.

घरातला फरक नीट लक्षात घ्या. डेटा सेंटरमध्ये व्यवस्थापनाची तार वेगळी असते, घरी एकच राउटर. टीव्ही, पाहुण्यांचे फोन, स्वस्तातला कॅमेरा आणि बीएमसी, सगळे एकाच ओटीवर. त्यात सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर ‘फेलओव्हर’ ही सोय मुळातच चालू असते. बीएमसीच्या स्वतंत्र पोर्टला तार लावली नाही, तर तो मुख्य नेटवर्क पोर्टावरूनच बोलू लागतो. तुम्हाला वाटतं आपण त्याला जोडलंच नाही, आणि तो केव्हाच राउटरकडून पत्ता घेऊन बसलेला असतो. अभियंत्याची फेरी वाचावी म्हणून केलेली ही सोय. घरात फेरी मारणारा अभियंता नाही, वाडा नाही, दिवाणजीही नाहीत. त्यांच्यासाठी घडवलेलं दार मात्र आहे.

जुनी मशीनं घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट कामाची आणि तितकीच विचार करायला लावणारी. ज्याच्याकडे मुख्य मशीनवर रूटचे अधिकार आहेत तो आतूनच बीएमसीचा पासवर्ड बदलू शकतो, जुना माहीत नसताना. सेकंडहँड सर्व्हर ताब्यात घेताना हेच तुम्हाला वाचवतं. आणि तुमच्या लिनक्समध्ये शिरलेला माणूस याच वाटेने बीएमसीत उतरू शकतो, हेही ओघाने आलंच.

या गोष्टीला एक वेगळं वळण मॅक्सिम देवाएव यांच्या पायकेव्हीएमने दिलं. रास्पबेरी पाय हा हातावर मावणारा संगणक घ्यायचा, मशीनचं एचडीएमआय चित्र त्यात पकडायचं, यूएसबीवरून कीबोर्ड-माऊस-सीडी असल्याचं सोंग घ्यायचं, आणि पॉवर बटणाच्या दोन पिनांना तारा जोडायच्या. प्रोग्रॅम मुक्तस्रोत, सगळ्यांना वाचता येणारा. २०२१मध्ये त्याचं तयार सर्किट लोकवर्गणीतून आलं. ज्या मशीनवर बीएमसी नाही त्यालाही आता बाहेरून धाकटा भाऊ मिळाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की तो पेटीच्या बाहेर आहे. नको तेव्हा तार उपटता येते. व्हॅक्सच्या चावीला सगळ्यात जवळ जाणारी कृती हीच, आणि बोर्डात वितळवून बसवलेल्या बीएमसीबाबत ती करता येत नाही.

पण पायकेव्हीएम पहिल्यांदा चालू केलात तर आत जायला नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड ‘ॲडमिन’. बदला, असं तिथे स्पष्ट सांगितलेलं असतं. तरीही. स्वातंत्र्यासाठी बनवलेल्या वस्तूतही ‘फील्ड’ खातं नव्या जन्मात आलंच.

माझे एक सहकारी म्हणतात की हे सगळं अभियांत्रिकीचं, इतिहासाचं यात काय. मला उलट वाटतं. पुरावा इतका सलग क्वचितच मिळतो. डेकची जुनी मॅन्युअलं बिटसेव्हर्सच्या संग्रहात स्कॅन करून ठेवलेली आहेत. व्हॅक्सची चावी तिथे आकृतीसकट दिसेल. आयपीएमआयच्या सगळ्या आवृत्त्या उपलब्ध आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवा आणि कुठला परिच्छेद कधी वाढला ते बघा. रॅक्प तेराव्या प्रकरणात आहे. फर्मवेअरबरोबर येणाऱ्या बदलांच्या याद्या म्हणजे तर रोजनिशीच, फक्त फार संकोचाने लिहिलेली. ‘सुरक्षाविषयक सुधारणा’ या दोन शब्दांमागे काय घडलं ते दोषांच्या सार्वजनिक नोंदींशी तारीख जुळवून काढावं लागतं. ज्याची नोंद कुठेच नाही ती बाजू वापरणाऱ्यांची: डेटा सेंटरमध्ये रात्रपाळीला बटणं दाबणारी माणसं, आणि आपल्याकडे जुने सर्व्हर उघडून, पुसून, परत विकणारे दुकानदार. त्यांच्या मुलाखती अजून घेता येतील.

घरी सर्व्हर असेल तर अभ्यासाची सुरुवात तिथूनच करता येईल. राउटरच्या यादीत तुम्ही न जोडलेला एखादा पत्ता दिसतो का बघा, आणि मॅन्युअलमध्ये ‘फेलओव्हर’ हा शब्द शोधा. बहुतेक वेळा तो एका तक्त्यात, ‘मूळ मांडणी’ या रकान्यात, कुठल्याही स्पष्टीकरणाशिवाय असतो.